नवऱ्याचं दुसरं देऊळ

माझ्या नवऱ्याला भाजी कळत नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यात त्याने एकदाही कोवळी भेंडी आणलेली नाही. आणली तर जून, नाहीतर किडकी. तरीही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो पहाटे उठायचा, दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि भाजीला जातो म्हणून स्कूटर काढायचा. साडेआठच्या सुमारास दोन पिशव्या घेऊन परत. इस्त्रीचा शर्ट घालून भाजीला कोण जातं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटायचं, दहा वाजता माझ्याबरोबर देवळात यायचंय म्हणून बिचारा आधीच तयार होऊन बसतो.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझे डोळे उघडले. त्या शाळेत शिकवतात, आणि डॉक्टरने दटावल्यापासून सकाळी चालायला जातात. एका सोमवारी जिन्यात गाठ पडली तेव्हा म्हणाल्या, "आपके साहब बहोत नेक आदमी हैं जी. सुबे-सुबे चर्च को जाते सो देखी मैं."

"दस बजे जाते हम लोगां," मी म्हटलं.

"नै जी, साढ़े छे बजे. विद्यानगर की तरफ वो बड़ा चर्च है ना, वहां. पिछले महीने भी देखी थी."

ते चर्च कुठलं हे मला चांगलं ठाऊक होतं. ते लुथरन चर्च. माझ्या नवऱ्याचा जन्मापासूनचा पंथ. जिन्यात उभ्या उभ्या माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरी बाई असती तर निदान तिच्या दारात जाऊन चार शब्द सुनावता आले असते. देवळाशी भांडायचं कसं?

हे इतकं का झोंबलं ते कळायला थोडं मागचं सांगावं लागेल. आम्ही मूळचे जालन्याकडचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीत काचीगुड्याला आले आणि घराजवळ जे बाप्टिस्ट चर्च होतं तिथं जाऊ लागले. गेले ते जवळ म्हणून, राहिले ते पटलं म्हणून. आमच्या घरात चर्चला देऊळच म्हणतात. तिथली उपासना तेलुगूत. त्यामुळे आम्ही प्रार्थना तेलुगूत करतो, भाजीवाल्याशी इथल्या दख्खनी हिंदीत हुज्जत घालतो आणि घरात मराठीत भांडतो. आई गेल्यापासून पप्पा दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात. ते आमच्या मंडळीत डीकन आहेत, म्हणजे पाळकांच्या, आमच्या धर्मगुरूंच्या, हाताखाली मंडळीचं काम बघणारे. पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा, प्रभूच्या आठवणीतल्या भाकरी-द्राक्षरसाचा, ट्रे आमच्या बाजूच्या बाकांवर तेच फिरवतात.

नवरा मला आबिड्सच्या ऑफिसात भेटला. तो किनारपट्टीकडचा, तेलुगू, पिढीजात लुथरन. मराठी शिकला ते पप्पांशी बोलता यावं म्हणून. लग्न आमच्या देवळात झालं, आणि लग्नानंतर तो माझ्याच देवळात येऊ लागला. सगळं सुरळीत होतं. अडलं ते पाण्यावर.

आमच्यात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. तान्ह्याला काय कळतं? मोठं व्हावं, विश्वास ठेवावा, तो चारचौघांत बोलून दाखवावा आणि मग देवळातल्या हौदाच्या पाण्यात पूर्ण बुडून बाहेर यावं. लुथरन लोक चाळीस दिवसांच्या बाळाच्या डोक्यावर तीन वेळा पाणी घालतात आणि म्हणतात, झालं, हे देवाचं. आमच्या मंडळीच्या लेखी ते पाणी म्हणजे नुसतं पाणी. म्हणून माझ्या नवऱ्याचा बाप्तिस्मा आमच्याकडे मोजला जात नव्हता. हौदात उतरला नाही तर तो सभासद नाही, आणि सभासद नाही तर प्रभुभोजन नाही.

"एकदा उतरलास तर काय बिघडतं?" मी लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"पुन्हा घेतला तर पहिला खोटा होता असं होईल," तो म्हणाला होता. "पहिला आईने दिलाय मला."

त्याची आई तो तीन वर्षांचा असताना गेली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तेव्हापासून दर पहिल्या रविवारी एकच प्रकार. पप्पा आमच्या बाकाशी येऊन ट्रे पुढं करायचे. मी भाकरीचा तुकडा आणि अंगठ्याएवढा द्राक्षरसाचा पेला उचलायचे. नवरा ट्रे हातात घेऊन, काहीच न उचलता, पलीकडच्या माणसाकडे सरकवायचा. मग आमच्या रीतीप्रमाणे आम्ही सगळे पेला हातात धरून थांबायचो. सगळ्यांना पोचलं की पाळक वचन वाचणार आणि सारी मंडळी एकदम खाणार, एकदम पिणार. तेवढा वेळ नवरा रिकामे हात मांडीवर ठेवून बसायचा. मला त्याचं वाईट वाटायचं, पण खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा. माझ्यासाठी हा माणूस अठरा वर्षं देवाच्या दारात उपाशी बसतोय! बायका साड्या मिरवतात, मी हे मिरवत होते, मनातल्या मनात.

आणि हा उपाशी माणूस दर वेळी साडेसहालाच जेवून येत होता.

मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने शांतपणे उत्तर दिलं असतं, आणि मला शांत उत्तर नको होतं. पुढच्या पहिल्या रविवारी त्याची स्कूटर गल्लीबाहेर पडली तशी मी ऑटो केली. डोक्यावरून पदर घेऊन चर्चच्या मागच्या दाराशी, खांबाआड उभी राहिले. या वयात नवऱ्याच्या मागावर जायची वेळ आली, तीही देवळात, याची मला लाज वाटत होती. पण परत फिरावंसं वाटलं नाही.

तो डावीकडच्या पाचव्या बाकावर होता. शेजारी एक म्हातारी, आणि दोघांत मिळून एक गीतांचं पुस्तक. म्हातारीला ओळ सापडेना तर तो बोट ठेवून दाखवत होता. पाळक पांढऱ्या झग्यात, वेदीवर मेणबत्त्या. आमच्याकडे यातलं काही नाही. आमचे पाळक साध्या शर्ट-पँटमध्ये येतात आणि मनात येईल तशी प्रार्थना करतात, कधी पाच मिनिटं, कधी पंचवीस. इथं सगळं ठरलेलं. पाळक एक वाक्य म्हणणार, लोक दुसरं म्हणणार. पापांची कबुलीसुद्धा सगळ्यांनी मिळून, एका सुरात. माझा नवरा ते सगळं पुस्तकात न बघता म्हणत होता. ज्या माणसाला माझा वाढदिवस फोनने आठवण केल्याशिवाय कळत नाही, त्याला हे पानंच्या पानं पाठ!

मग लोक रांगेने पुढं गेले आणि वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून बसले. तोही टेकला. पाळकांनी त्याच्या हातावर काही ठेवलं, त्याने ते तोंडात घातलं, प्याल्यातून एक घोट घेतला. उठून वळला तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला. दमून घरी आलेला माणूस चपला काढून पाय पसरतो ना, तसा. माझ्या शेजारी अठरा वर्षं बसून हा चेहरा त्याचा कधी झाला नव्हता. मला त्या कठड्याचा हेवा वाटला, त्या म्हातारीचा वाटला. मला माझ्याच नवऱ्याचाही हेवा वाटला.

तो घरी आला तेव्हा मी पिशवीतली भेंडी ओट्यावर ओतली. पुन्हा जून.

"छान निघालीय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे चमकून पाहिलं.

त्या आठवड्यात ऑफिसातून लवकर निघून मी लुथरन पाळकांना भेटायला गेले. मी चर्च बदलण्याचा विचार करतेय, दोन्हींत फरक काय ते समजावून सांगा, असं म्हटलं. यातलं पहिलं अर्धं तेव्हा खोटं होतं. मला त्यांच्यात खोट काढायची होती. पाळक पन्नाशीचे, तेलुगू, बोलायला मऊ. मला "अम्मा" म्हणत होते.

मी पहिला दगड बाप्तिस्म्याचाच मारला. "ज्याला कळत नाही त्याला बाप्तिस्मा कसा देता तुम्ही?"

"अम्मा, तुमच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे माणसाने देवाला दिलेलं उत्तर," ते म्हणाले. "आमच्याकडे ती देवाने माणसाला मारलेली हाक. हाक मारायला समोरचा जागा असावा लागत नाही. मोठं झाल्यावर मूल शिकतं आणि दृढीकरणाच्या वेळी स्वतःच्या तोंडाने हो म्हणतं."

"आणि प्रभुभोजन? आम्ही तर आठवण म्हणून घेतो."

"आम्हीही आठवण करतो. पण भाकरीत, भाकरीबरोबर प्रभू स्वतः येतो असंही मानतो. कसा येतो ते विचारू नका, मला सांगता येणार नाही." ते हसले. "बाकी फरक कारभाराचे. तुमच्याकडे मंडळी हात वर करून ठरवते, आमच्यावर बिशप आहेत. कुठल्या पद्धतीत भांडणं कमी, ते अजून कुणाला कळलेलं नाही."

मला भांडता येईना. शेवटी मी मुद्द्याचं विचारलं. "मी तुमच्याकडे आले तर मला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल?"

"पाण्याने झालाय ना? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने?"

"हो."

"मग पुन्हा कशाला? दोन-चार वेळा येऊन बसा, आमची शिकवण ऐका. पटली तर सांगा. आणि प्रभुभोजनाला पुढच्या महिन्यापासूनच या."

एवढंच! जे दार आमच्या मंडळीने माझ्या नवऱ्यासाठी अठरा वर्षं लावून ठेवलं होतं, ते यांनी माझ्यासाठी दोन मिनिटांत उघडलं. मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी चिडून बाहेर पडले. आमच्यापेक्षा यांचं मन मोठं निघावं हे मला सहन होत नव्हतं.

पुढच्या महिन्यात, शनिवारी संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी नवऱ्याला म्हटलं, "उद्या मीही येते भाजीला."

तो खुर्चीतच थिजला. मग म्हणाला, "कधीपासून माहीत आहे?"

"आधी तू सांग, कधीपासून जातोस?"

"सात वर्षं झाली."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग आता काय चांगलं वाटतंय?" मी लाटणं आपटलं. त्याच्या ताटात त्या दिवशी सगळ्या पोळ्या वाकड्या पडल्या.

पण सकाळी आम्ही दोघं गेलो. पाचव्या बाकावर म्हातारीने सरकून मला जागा दिली, आणि मी कोण हे न विचारता पुस्तक माझ्याही पुढं धरलं. पुढं जाऊन आम्ही कठड्याशी गुडघे टेकले. आमच्यात प्रार्थना बाकावर बसून. देवळात चारचौघांपुढं मी कधी गुडघे टेकले नव्हते. पाळकांनी माझ्या तळहातावर पापुद्र्याएवढी पातळ भाकर ठेवली. मी ती धरली आणि थांबले.

शेजारी नवऱ्याने खाल्ली. पलीकडच्या दोघांनी खाल्ली. पाळक प्याला घेऊन माझ्यापुढं आले आणि उभे राहिले. मीही त्यांच्याकडे बघत राहिले. ते थांबलेत म्हणजे रांगेत कुणाला तरी मिळायचं राहिलं असणार, असं मला वाटलं.

"खा," नवरा कुजबुजला.

"सगळ्यांना पोचू दे की," मी म्हटलं. मला वाटलं हळू म्हटलं, पण ते पहिल्या दोन बाकांना ऐकू गेलं असावं.

"इथं थांबत नाहीत. ज्याचं त्याने खायचं."

एकट्याने? बाकीचे बाकावर बसलेले असताना? जन्मभर मी भरलेला पेला हातात धरून सगळ्यांची वाट पाहिलेली. हात तोंडाकडे जाईना. पाळक प्याला धरून उभे होते, मागची रांग ताटकळलेली. कशीबशी ती भाकर मी तोंडात घातली, ती टाळूला चिकटली. प्याल्यातला घोट घेताना शेजारी बघते तर नवऱ्याचे खांदे हलत होते. तो रडत असेल असं वाटून माझा जीव गलबलला. तो हसत होता. मग मलाही हसू आलं, आणि तिथं, वेदीपुढं, आम्ही दोघं माना खाली घालून हसू दाबत राहिलो. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही एका मेजावर जेवलो होतो.

घरी येताना स्कूटरवर मी ठरवून टाकलं. तो माझ्याकडे यायचा तर त्याला आईचं पाणी टाकावं लागणार. मी त्याच्याकडे गेले तर मला काहीच टाकावं लागत नाही. हिशेब सरळ होता. काहीच टाकावं लागत नाही असं मला खरंच वाटलं होतं.

पप्पांना सांगायला गेले तो पुन्हा पहिल्या रविवारचा आदला दिवस होता. ते स्वयंपाकघरात उद्याचे पेले धूत होते. ते काम ते कुणाला देत नाहीत. एकेक पेला कोमट पाण्यात विसळायचा आणि पालथा घालायचा. मी फडकं घेऊन पुसायला लागले.

"पप्पा, मी त्याच्या चर्चमध्ये जायचं म्हणतेय. कायमचं."

पाण्यातला हात थांबला नाही. "पुन्हा बाप्तिस्मा घ्या म्हणाले का?"

"नाही."

"मग बरं आहे. सभासदत्वाचं पत्र लागेल तुला. सभेत मांडावं लागेल."

मी रागावले. आत्तापर्यंत तयार केलेली सगळी भांडणं माझ्या तोंडात तशीच राहिली. "तुम्ही डीकन आहात पप्पा! रागवा तरी. नको जाऊस म्हणा."

त्यांनी पेला ठेवला आणि हात पुसले. "तुला पाळण्यात पाणी का घातलं नाही आम्ही? तुझं तू ठरवावं म्हणून. आता तू ठरवलंस तर कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

"पण त्याला अठरा वर्षं—"

"नियम सगळ्या मंडळीने केलाय. एकट्याला मोडता येत नाही." मग ते पुन्हा पेल्यांकडे वळले. "जावयापुढं ट्रे धरताना दर वेळी वाटायचं, आज हा उचलेल. उचलला असता तर मी काही बोललो नसतो. पण त्याने मला कधी त्या पेचात टाकलं नाही. चांगला माणूस आहे."

उरलेले पेले आम्ही धुऊन-पुसून संपवले. उद्यापासून माझ्या जागी बाकावर दुसरं कुणी बसेल आणि पप्पा त्याच्यापुढं ट्रे धरतील, हा विचार आला आणि त्या न बघितलेल्या माणसाचाही मला हेवा वाटला.

लुथरन चर्चचा अर्ज मी मागच्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर भरायला घेतला. नवरा समोर पेपर वाचत होता. बाप्तिस्मा कुठं झाला, कुणी दिला, त्या वेळी कोण हजर होतं, असे रकाने होते. मी लिहिता लिहिता मोठ्याने बोलत होते. "आपल्याच देवळात. वय सोळा. जानेवारी होता, हौदातलं पाणी बर्फासारखं. कोण हजर? आई. पप्पा."

पेपर खाली आला. "आई कुठं उभी होती?"

"हौदाच्या पायऱ्यांशी. टॉवेल घेऊन."

"बाहेर आल्यावर काय म्हणाली?"

"म्हणाली, केस नीट पूस, सर्दी होईल." मला हसू आलं. "एवढा मोठा प्रसंग आणि ही सर्दीचं बोलतेय!"

तो हसला नाही. "तुला आठवतंय," तो म्हणाला.

"न आठवायला काय झालं?"

त्याने पेपरची घडी घातली, मग पुन्हा घातली. "तुमच्या हौदात पोरं उतरायची ना, तेव्हा मला तिथं बसवत नसे. ट्रेचं काही वाटलं नाही कधी. पण ओली पोरं वर यायची, आया टॉवेल घेऊन पुढं व्हायच्या... माझ्या वेळीही आई होती. मी तिच्या हातातच होतो. मला काहीच आठवत नाही. तुझा हेवा वाटतो मला. लग्नाच्या आधीपासून."

दोन महिने मी जो शब्द गिळून बसले होते तो त्याच्या तोंडून आला. अर्ज अर्धा राहिला होता, तो मी बाजूला केला.

"पाणी किती थंड होतं?" त्याने विचारलं. "पहिल्यापासून सांग."

मी पेनाला टोपण घातलं आणि सांगायला लागले.